नासासंधान शस्त्रक्रिया

नासासंधान : तुटलेले, झडलेले, बसलेले अथवा वाकडे झालेले नाक शस्त्रक्रियेने पूर्ववत करणे किंवा नव्याने घडविणे. ‘संधान’ म्हणजे सांधणे. ही संज्ञा प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांतील असून आधुनिक प्लॅस्टिक शल्यचिकित्सेतही ती मराठीत वापरली जाते. या शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक निर्णायक घटना पुण्याच्या परिसरात घडली. तिची आजची गरज ज्या प्रदेशांत विशेष जाणवते, त्यांत महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे येतात. तेथील नाकाच्या विकृती शहरी रुग्णालयांत नेहमी दिसणाऱ्या विकृतींहून निराळ्या कारणांनी उद्भवतात.

नाकाची रचना तिपदरी असते. बाहेरून त्वचा, मध्ये हाडांचा व कूर्चेचा सांगाडा आणि आत श्लेष्मकलेचे अस्तर. सांगाड्याचा वरचा सुमारे एक-तृतीयांश भाग हाडाचा व उरलेला कूर्चेचा असतो. दोन नाकपुड्यांमधील पडदा (नासापटल) हा त्याचा मधला खांब होय. या तीन पदरांपैकी कोणता नाहीसा झाला आहे, यावर उपचाराची निवड अवलंबून असते. वरकरणी सारखीच दिसणारी दोन बसकी नाके आतून अगदी भिन्न असू शकतात. ही गोष्ट आज उघड वाटते, परंतु ती पूर्णपणे लक्षात यायला विसावे शतक उजाडावे लागले.

भारतात या विद्येची वाढ झाली याचे एक कारण दुःखद आहे. नाक कापणे ही येथे दीर्घकाळ प्रचलित असलेली शिक्षा होती. व्यभिचाराच्या संशयावरून, सूडापोटी किंवा युद्धात पकडलेल्या शत्रूची विटंबना करण्यासाठी नाक कापले जाई. शूर्पणखेची कथा सर्वश्रुत आहे व नाशिक या नावाची लोकप्रचलित व्युत्पत्तीही तिच्याशीच जोडली जाते. मराठीत ‘नाक कापणे’ म्हणजे अब्रू घेणे. या वाक्प्रचारामागे एके काळी प्रत्यक्ष सुरी होती.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कानाची पाळी सांधण्याच्या कृतींनंतर नासासंधानाची कृती सांगितली आहे. नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालावरील त्वचा एका बाजूस जोडलेली ठेवून सोलावी, नाकाचा उरलेला भाग खरवडून ताजा करावा आणि त्यावर ती त्वचा त्वरेने बसवून बांधावी. श्वासासाठी नाकपुड्यांत दोन नळ्या ठेवाव्यात. वर पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांचे चूर्ण भुरभुरावे, पांढऱ्या कापसाने झाकावे व तिळाचे तेल शिंपडत राहावे. कृतीच्या अखेरीस आणखी एक सूचना येते : सांधलेले नाक अपुरे राहिल्यास ते वाढविण्याचा यत्न करावा व मांस अधिक झाल्यास ते सारखे करावे. केवळ भोक झाकणे एवढाच या शल्यकाचा हेतू नव्हता. नाक समप्रमाण व्हावे, हीही त्याची अपेक्षा होती. नासासंधानाची कृती वाग्भटानेही दिली आहे.

सुश्रुताची त्वचा गालाची आहे, कपाळाची नव्हे. हा भेद महत्त्वाचा असून लोकप्रिय लेखनात तो बहुधा पुसला जातो. कपाळाच्या त्वचेचा स्पष्ट उल्लेख सतराव्या शतकात निकोलाओ मनुची या इटालियन प्रवाशाच्या वृत्तांतात सापडतो. विजापूर व म्हैसूर यांच्यातील लढायांत नाक गमावलेल्यांच्या कपाळावरची त्वचा भुवयांच्या वरून सोडवून, तिला पीळ देऊन ती नाकाच्या जागी बसविणाऱ्या देशी शल्यकांचे त्याने वर्णन केले आहे. ग्रंथातील विद्येपासून कारागिराच्या हातापर्यंत सरळ परंपरा दाखविण्याचा मोह अनेकांना झाला आहे. परंतु कपाळाची पद्धत अनुभवाने निराळी विकसित झाली असणे अधिक संभवनीय दिसते.

याच पद्धतीने पुण्याजवळ १७९३ मध्ये झालेली शस्त्रक्रिया जगप्रसिद्ध झाली. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव ‘कावसजी’ असे येते. हे नाव पारशी वळणाचे आहे आणि तो शेतकरी जातीचा होता असे त्याच कागदांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा मूळ नावाचा इंग्रजी कानांनी केलेला हा अपभ्रंश असावा. सुमारे बारा महिने तो नाकाविना राहिला. त्यानंतर विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ‘बी. एल.’ या आद्याक्षरांनी एका पत्रलेखकाने तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

त्या वर्णनातील बारकावे आजच्या शल्यचिकित्सकालाही मान डोलवायला लावतील असे आहेत. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या बुंध्यावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार दिला जाई. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी त्वचा सोलून काढायची. मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता राखायची. या देठातून नव्या त्वचेला रक्त मिळत राही. मग बुंध्यावरील जुना व्रण खरवडून त्याच्या मागे नाकपुड्यांभोवती व वरच्या ओठालगत चीर घेतली जाई आणि कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणून तिची कड त्या चिरेत बसविली जाई. टाके घालत नसत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावत. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही, नंतर तुपात भिजविलेले कापड. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधील देठ कापून नाक ठाकठीक करणे. कपाळावरचा व्रण कालांतराने फारसा दिसत नाही, असेही वर्णनकाराने नमूद केले आहे.

वरील कात हा खैराच्या झाडापासून काढतात. खैर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतही आहे व तुरटपणामुळे रक्तस्राव आणि पाझर थांबविण्यासाठी काताचा घरगुती उपयोग सर्वत्र परिचित होता. मेण, कात, तूप व जुने कापड हे सर्व साहित्य कोणत्याही खेड्यात मिळणारे होते. दुर्मीळ होता तो हात. मातीला आकार देणाऱ्या माणसाकडे हे काम यावे यात आश्चर्य नाही. सपाट पत्र्यातून उठाव कसा निघेल व वाळताना आकार किती आकसेल, याचे ज्ञान त्याच्या मूळ व्यवसायातच होते.

पुण्याच्या रेसिडेन्सीत त्या वेळी असलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले व त्यावरून विल्यम नटर याने केलेले कोरीव चित्र १७९५ मध्ये लंडनमध्ये निघाले. रुग्णाचे नाव, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे, चित्रकाराचे व कोरक्याचे नाव ही सर्व नोंदली गेली. ज्याने नाक घडविले त्याचे नाव मात्र कोणी विचारून घेतले नाही. वैद्यकाच्या इतिहासात ही उणीव भरून निघणारी नाही.

यूरोपात नाक घडविण्याची निराळी परंपरा होती. पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका कुटुंब व पुढे बोलोन्याचा गास्पारे ताल्याकोत्झी (ग्रंथ १५९७) हे दंडाची त्वचा वापरीत. त्यासाठी रुग्णाचा हात कित्येक आठवडे डोक्याशी बांधून ठेवावा लागे. ही पद्धत पुढे मागे पडली. पुण्याच्या वृत्तांतानंतर लंडनचा जोसेफ कार्प्यू याने मृत शरीरांवर दीर्घकाळ सराव करून २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या त्वचेने नासासंधान केले. शुद्धिहरणाचा शोध अद्याप लागायचा होता. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्याने दोन्हींचा अहवाल १८१६ मध्ये प्रसिद्ध केला. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याचा ग्रंथ निघाला आणि ‘भारतीय पद्धत’ हे नाव यूरोपभर रूढ झाले.

भारतीय पद्धतीत एक मूळचा दोष होता. नव्या त्वचेला आतून अस्तर नसल्याने ती उघडी बाजू हळूहळू आकसे आणि काही महिन्यांत सुबक नाकाचा गोळा होई. जुनागढ संस्थानातील डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी दरोडेखोरांनी नाके कापलेल्या लोकांवर केलेल्या शंभर शस्त्रक्रियांची माहिती १८८९ मध्ये प्रसिद्ध केली. इंदूरचे रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांनी नाकाच्या हाडावरील त्वचा बिजागरीप्रमाणे खाली उलटवून तिचे अस्तर केले व त्यावर कपाळाची त्वचा बसविली. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०० मध्ये निघाला. दुसऱ्या पदराचे महत्त्व येथे प्रथम ठळकपणे पुढे आले.

शाबूत परंतु बेढब नाकाच्या दुरुस्तीचा इतिहास त्या मानाने अर्वाचीन आहे. १८८७ मध्ये अमेरिकेतील जॉन ऑर्लांडो रो याने नाकाच्या आतून छेद घेऊन बाहेर व्रण न ठेवता टोक लहान करण्याची कृती प्रसिद्ध केली. बर्लिनच्या याकोब योसेफ याने १८९८ पासून या शाखेला शास्त्रीय शिस्त दिली. आज वाकड्या नाकाच्या बाबतीत प्रथम नासापटल तपासतात, कारण मधला खांब तिरका असेपर्यंत वरचे छप्पर सरळ बसत नाही. पटल सरळ करणे, नासासेतूवरील उंचवटा तासणे, हाडे मोजून कापून पुन्हा जुळविणे, खोलगट जागी पटलाची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा बसविणे हे मुख्य उपाय होत. मार लागून नाक वाकडे झाल्यास प्रौढांत सुमारे दोन आठवड्यांच्या आत हाड जागेवर बसविता येते. पुढे ते जुळून जाते व मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. वाढ पूर्ण होण्यापूर्वी केवळ सौंदर्यासाठी शस्त्रक्रिया करीत नाहीत आणि शस्त्रक्रियेनंतर सूज पूर्ण ओसरून अंतिम आकार दिसण्यास वर्षही लागू शकते. लहानसा खोलगटपणा भरण्यासाठी जेलसारख्या द्रव्याची अंतःक्षेपणे अलीकडे दिली जातात. त्यांचा परिणाम तात्पुरता असतो. शिवाय द्रव्य रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरण्याचा किंवा दृष्टी जाण्याचा धोका असल्याने ती निरुपद्रवी मानणे चूक आहे. कोणताही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, हे रुग्णास आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते.

विदर्भात या शास्त्राचा पाया नागपूरला घातला गेला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन् यांच्या नेतृत्वाखाली भारतातील पहिला स्वतंत्र प्लॅस्टिक शल्यचिकित्सा विभाग सुरू झाला. चांदा जिल्ह्यातील (नंतरचा चंद्रपूर, २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला) रुग्णांना नागपूर हेच जवळचे मोठे केंद्र होते. ‘जवळचे’ हा शब्द येथे सावधपणे घ्यावा लागतो. भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि पावसाळ्यात नद्या भरल्या की वाट बंद पडे.

या जंगलांतील नाकाच्या जखमांचे एक कारण अस्वल हे आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळू लागली, की ती वेचण्यासाठी गावकरी पहाटेच्या अंधारातच झाडाखाली जातात. त्याच फुलांसाठी अस्वलही येते. त्याची दृष्टी अधू असते आणि खाण्यात गुंतले असता त्याला माणसाची चाहूल उशिरा लागते. एकदम समोरासमोर आल्यास ते मागच्या पायांवर उभे राहून नखांनी व दातांनी चेहऱ्यावर व डोक्यावर हल्ला करते. नाक, ओठ, पापण्या व कधी डोळाही त्यात जातो. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या रुग्णालयात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी सुरुवातीच्या काळात वीज व विशेषज्ञ यांच्या अभावी अशा फाटलेल्या चेहऱ्यांवर स्वतःच उपचार केले. चेहऱ्याचा रक्तपुरवठा विपुल असल्यामुळे भरपूर पाण्याने धुऊन स्वच्छ केलेली जखम उशिराही सांधता येते. लोंबणारा तुकडा बारीकशा देठाने जोडलेला असला तरी तो कापून टाकू नये, तो बहुधा जगतो. कावसजीच्या दोन डोळ्यांमधील पट्टीचे तत्त्व हेच होते. अलर्कविषाची (रेबीजची) लस व प्रतिरक्षी द्रव्यही देणे आवश्यक असते. तिन्ही पदर गेले असल्यास मात्र पुढे टप्प्याटप्प्याने कपाळाची त्वचा, बरगडीची कूर्चा व नवे अस्तर असे संपूर्ण नाक उभारावे लागते.

दुसरे कारण कुष्ठरोग हे असून त्याची व्याप्ती अधिक आहे. पूर्व विदर्भ हा या रोगाचे प्रमाण जास्त असलेला प्रदेश. येथे त्याला रक्तपिती किंवा महारोग म्हणत. रोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात आणि श्वासाने सतत थंड होणारे नाकाचे अस्तर त्यांना मानवते. प्रथम नाक चोंदते, खपल्या धरतात, रक्त येते. नंतर अस्तर सडते, पटलाची कूर्चा विरते व नाकाच्या तळाशी असलेला हाडाचा लहान काटा झिजून जातो. डेन्मार्कमधील मध्ययुगीन कुष्ठरुग्णांच्या सांगाड्यांत म्यॉलर-क्रिस्टेन्सन या संशोधकाला विसाव्या शतकात हीच झीज आढळली. खांब गेला की छप्पर बसते. वेदना फारशी नसते, परंतु दुरूनच रोग ओळखू येतो. हातापायांची बोटे धोतर-पदरात लपविता येतात, नाक लपविता येत नाही. रोग पूर्ण बरा झाल्यावरही हे चिन्ह मागे राहते.

येथे कपाळाची त्वचा आणणे हा चुकीचा उपाय ठरतो, कारण बाहेरील त्वचा जागच्या जागी असते. नाहीसे झालेले असते ते आतील अस्तर आणि त्याच्या आकुंचनाने त्वचा आत ओढली गेलेली असते. सर हॅरल्ड गिलीज यांनी पहिल्या महायुद्धानंतर उपदंशाने बसलेल्या नाकांवर काम करताना हे ओळखले. वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन आकसलेले अस्तर सोडविले, की दडलेली त्वचा पूर्ण नाकाएवढी पसरते. मग आत त्वचारोपण करून नव्या पोकळीला दाताच्या कवळीशी जोडलेला साचा आधार म्हणून देतात किंवा पुढे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवितात. १९५० नंतर वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी व पुण्याजवळील कोंढवा येथे गिलीज यांचे शिष्य डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवर या शस्त्रक्रिया केल्या. अंतिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा प्लॅस्टिक शल्यचिकित्सा विभाग उभारला. कुष्ठरुग्णाला सामान्य रुग्णालयात खाट मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी १९५१ मध्ये वसविलेल्या आनंदवनात घराबाहेर काढलेले कुष्ठरुग्ण शेती, विणकाम, सुतारकाम करून स्वावलंबी झाले. तेथे ज्याचे नाक बसले होते तोही प्रतिष्ठेने जगू शकला. परंतु मूळ गावी परतण्याचा प्रश्न आला की चेहरा आड येई. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचारामुळे रोग लवकर आटोक्यात येऊ लागला आणि वेळीच उपचार मिळालेल्या रुग्णाचे नाक सहसा बसत नाही. नाक रोज पाण्याने धुणे व तेलाचे थेंब सोडून खपल्या मऊ ठेवणे, एवढ्यानेही हानी कमी होते. राष्ट्रीय पातळीवर रोगाचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आल्याचे डिसेंबर २००५ अखेरच्या आकड्यांवरून जाहीर झाले. तरीही चंद्रपूर व गडचिरोलीत नवे रुग्ण सापडतच राहिले.

कुष्ठरोगातील विकृती मोजण्याच्या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय श्रेणीपद्धतीत डोळे, हात व पाय यांचीच गणना होते, नाकाची नाही. काम करण्याच्या क्षमतेच्या दृष्टीने हे समर्थनीय असले, तरी त्यामुळे बसलेले नाक अहवालातून गळते आणि त्याची शस्त्रक्रिया ‘केवळ सौंदर्यासाठी’ म्हणून मागे ठेवली जाते. वस्तुतः या प्रदेशात लग्न मोडणे, पाणवठ्यावर मज्जाव होणे, मुलांना जोडीदार न मिळणे हे परिणाम वाकड्या बोटांपेक्षा नाकामुळे अधिक घडले. कायद्यालाही हा समज झटकण्यास वेळ लागला. कुष्ठरुग्णांना वेगळे डांबण्याची तरतूद असलेला १८९८ चा केंद्रीय कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी विविध वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आल्या.